ओटीपी मी कुणालाच सांगितला नव्हता

भाऊ, स. न. वि. वि.

मी साताऱ्याजवळच्या एका गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, वय ६४. शुक्रवारी सकाळी सव्वाअकराला फोन आला. क्रेडिट कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट आज संपतायत, ते पैशात बदलून देतो, असं एक मुलगा हिंदीत म्हणाला. माझं पूर्ण नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, बिलाची तारीख, सगळं त्याला माहीत होतं. त्याने व्हॉट्सअपवर एक फाइल पाठवली, वर बँकेचं चिन्ह होतं. ती उघडून मी कार्डाची माहिती भरली, आधार आणि पॅनचे फोटोही टाकले. ओटीपी मात्र मी कुणालाच सांगितला नव्हता, देवाशपथ. तरी नऊ मिनिटांत तीन व्यवहार झाले. २४,९९९, पुन्हा २४,९९९ आणि मग ९,८००. मी घाबरून गप्प बसले. शनिवारी पहाटे सहाला आणखी १८,५०० गेले. रविवारी रात्री मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्याला सांगितलं, त्याने कार्ड ब्लॉक केलं. सोमवारी बँकेत गेले तर साहेब म्हणाले, ओटीपी दिल्याशिवाय पैसे जातच नाहीत. पोलीस ठाण्यात म्हणाले, आधी बँकेत जा. आता या ७८,२९८ रुपयांचं बिल येणार, ते पेन्शनमधून कसं भरू? माझ्या आधार-पॅनवर कुणी कर्ज काढलं तर? मुलगा म्हणतो, ‘आई, तुला कार्ड घ्यायला सांगितलं कुणी?’ कायमचं बंद करून टाकू का? नाव छापू नका. सूनबाईंना अजून सांगितलेलं नाही.

आपली एक वाचक

ताई, नमस्कार.

तुमचा ई-मेल मंगळवारी दुपारी वाचला आणि संध्याकाळी फोन केला, कारण अशा बाबतीत अंक छापून येईपर्यंत थांबून चालत नाही. तातडीचं होतं ते आपण त्याच रात्री उरकलं. तरी इथे सगळं सविस्तर लिहितो. एक तर फोनवर तुम्ही रडत होतात, त्यामुळे अर्धं राहून गेलं असेल. आणि दुसरं, तुमच्यासारखाच शुक्रवार वाट्याला आलेले वाचक आणखीही असतील, फक्त ते पत्र लिहीत नाहीत.

आधी ओटीपीचं. ‘ओटीपी दिल्याशिवाय पैसे जात नाहीत’ हे वाक्य मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत काउंटरच्या आतून मीही पुष्कळ वेळा म्हटलंय. म्हणताना बरं वाटतं, कारण त्या एका वाक्यात समोरच्याची तक्रारही संपते आणि आपलं कामही. ते पूर्ण खरं नाही, हे मला फार उशिरा कळलं. ओटीपी लागला हे खरं. तो तुम्ही सांगितला नाहीत, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असण्याचं कारण म्हणजे ती फाइल.

तिला एपीके म्हणतात. फोटो किंवा पीडीएफ उघडावी तशी ती उघडते असं आपल्याला वाटतं, पण ते आख्खं अ‍ॅप असतं, प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं. उघडताना फोनने तुम्हाला एकदा इशारा दिला असणार, अज्ञात ठिकाणाहून अ‍ॅप येतंय म्हणून. त्यानंतर एक छोटी चौकट आली असेल, या अ‍ॅपला एसएमएस पाहू द्यायचे का, असं विचारणारी. खाली दोन शब्द. फोनवरचा मुलगा ‘मॅडम, ओके करते जाइए’ म्हणत होता आणि तुम्ही ओके करत गेलात. तिथे दार उघडलं. पुढे बँकेने पाठवलेला प्रत्येक ओटीपी तुमच्या फोनवर आला आणि त्याच क्षणी तिकडेही पोचला. तुम्हाला तोंड उघडायची गरजच उरली नाही.

म्हणून मंगळवारी मी तुम्हाला पहिला प्रश्न पैशाचा विचारला नाही. ‘ती फाइल फोनमध्ये अजून आहे का?’ असं विचारलं आणि तुम्ही म्हणालात, ‘हो, काढायची कशी ते माहीत नाही.’ म्हणजे शुक्रवार ते मंगळवार तो माणूस तुमचे मेसेज वाचत बसला होता. कार्ड बंद झालं तरी पेन्शनचं खातं त्याच नंबरवर आहे. मुलाने कार्ड ब्लॉक केलं ते उत्तम केलं, पण चोर घरातच होता. आपण आधी फोनचं इंटरनेट बंद केलं, मग मुलाने ते अ‍ॅप काढलं, आणि दुसऱ्या दिवशी फोटो आणि नंबर बाजूला काढून फोन कोरा (फॅक्टरी रीसेट) करून घेतला. शेवटचं थोडं जाचक वाटलं तरी ते करायचंच, कारण अशी काही अ‍ॅपं स्वतःचं चिन्ह पडद्यावरून लपवतात आणि आत राहतात. नेट बँकिंगचे आणि ई-मेलचे पासवर्ड मात्र दुसऱ्या फोनवरून बदलायचे. कोरं करण्याआधी त्याच फोनवरून बदललेत तर नवेही त्याच्याच हातात जायचे.

आणखी एक काम तुम्ही मनावर घेतलं नसेल तर आजच करा. बचत गटाच्या आणि शाळेच्या माजी शिक्षकांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर कळवा, की माझ्या नंबरवरून कुठली फाइल आली असेल तर उघडू नका. अशी अ‍ॅपं पुष्कळदा आपल्याच नंबरवरून पुढच्या लोकांना जातात. कधी ट्रॅफिकचं चलन म्हणून, कधी लग्नपत्रिका म्हणून. लग्नसराईत कुणाच्या ना कुणाच्या घरी लग्न असतंच, मग पत्रिका उघडायला कोण मागेपुढे बघतो?

आता जे लिहितो ते बोचेल. शुक्रवारी पावणेबारा वाजेपर्यंत तुम्हाला कळलं होतं. मेसेज तुम्ही पाहिले होते. शनिवारी पहाटेचे १८,५०० त्यानंतर अठरा तासांनी गेले. त्या अठरा तासांत तुम्ही दोन वेळचा स्वयंपाक केलात, संध्याकाळी देवळात जाऊन आलात (फोनवर तुम्हीच सांगितलंत) आणि कुणालाही काही बोलला नाहीत. का, ते मला माहीत आहे. मुलगा काय म्हणेल, सूनबाई काय म्हणतील, आयुष्यभर मुलांना हिशेब शिकवले आणि आपणच असं कसं केलं. फसवणारे हे ओळखून असतात. त्यांना आपल्या अडाणीपणापेक्षा आपल्या लाजेचा जास्त उपयोग होतो. अडाणीपणा दहा मिनिटं पुरतो, लाज दोन-तीन दिवस पुरते.

गंमत म्हणजे हीच गोष्ट रिझर्व्ह बँकेच्या नियमातही आहे, फक्त कोरड्या भाषेत. ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबद्दल. त्याचा सारांश असा. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुठल्या तरी ठिकाणची असेल, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तरीही काहीच नाही. चार ते सात दिवस लागले तर जबाबदारीला मर्यादा आहे. पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला ती १०,००० रुपये. त्यापुढे बँकेचं जे धोरण असेल ते. आणि चूक ग्राहकाच्या हलगर्जीपणाची असेल, म्हणजे त्याने पिन, पासवर्ड वगैरे दुसऱ्याला दिलं असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. समजा सगळी चूक तुमचीच धरली, तरी शुक्रवारी दुपारी बाराला एक फोन केला असतात तर १८,५०० तुमच्या अंगावर आले नसते. टोमण्यासाठी सांगत नाही. सूनबाईंना अजून सांगितलेलं नाही म्हणालात, म्हणून सांगतोय. घरात ही गोष्ट लपवून ठेवाल तर पुढच्या वेळी त्यांच्या बाबतीत असं झालं, तर त्याही लपवतील.

तुमची केस यातल्या कुठल्या खणात बसते? खोटा धीर देत नाही. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे तुम्ही स्वतः भरलेत, इथे तुमची बाजू लंगडी आहे, आणि बँक नेमकं तिथेच बोट ठेवणार. पण त्याच परिपत्रकात असंही आहे की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. काउंटरवर उभ्या उभ्या तोंडी दिलेलं उत्तर म्हणजे सिद्ध करणं नव्हे. आणि तुम्ही सोमवारी गेलात तेव्हा मुदतीत होतात. मेसेज आला तो दिवस मोजत नाहीत, रविवार तर नाहीच नाही. तुमचं चुकलं ते एवढंच, की तोंडी सांगून रिकाम्या हाताने परत आलात. बँकेत बोललेलं वाऱ्यावर जातं. पोच, तक्रार क्रमांक, तारीख, यातलं एक तरी हातात असल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नये. तेच आपण मंगळवारी रात्री ई-मेलने भरून काढलं, तोही तिसऱ्या दिवसाच्या आत.

त्या ई-मेलमध्ये काय लिहिलं ते इतर वाचकांसाठी सांगतो, कारण बहुतेक जण इथे रडगाणं लिहितात आणि मुद्दा राहून जातो. चार व्यवहार, प्रत्येकाची तारीख, वेळ, रक्कम आणि मेसेजमध्ये दिसलेलं दुकानाचं नाव. मग एक ओळ, की हे व्यवहार मी केलेले नाहीत. मग खरं तेच, की फोनवर सांगितल्याप्रमाणे फाइल उघडली, त्यात कार्डाची माहिती भरली, ओटीपी कुणालाही सांगितला नाही, तो अ‍ॅपने एसएमएसमधून वाचला. इथे खोटं अजिबात लिहायचं नाही. माहिती भरलीच नाही असं लिहाल आणि ते उघडं पडेल, तर उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. मग बँकेला प्रश्न. चार वर्षांत या कार्डावर एकदम पाच हजारांच्या वर खर्च नाही, मग नऊ मिनिटांत तीन मोठे व्यवहार, तेही कधी न वापरलेल्या ठिकाणी, तुमच्या यंत्रणेला खटकले नाहीत का? प्रश्न विचारून पैसे मिळतीलच असं नाही. पण या प्रश्नाचं उत्तर लेखी द्यावं लागतं आणि ते देताना शाखेतला माणूस फाइल वरच्या माणसाकडे पाठवतो. आपल्याला तेच हवं आहे.

परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती परत जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांच्या आत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. तात्पुरती जमा दिसली म्हणून पेढे वाटू नका. निकाल विरुद्ध गेला तर ती परत वजा होऊ शकते.

बिलाचं बघू. क्रेडिट कार्डाचा एक फायदा लोक विसरतात. डेबिट कार्डावरून गेलेले पैसे तुमचे असतात, क्रेडिट कार्डावरून गेलेले आज तरी बँकेचे आहेत. ते तुमच्याकडून वसूल होण्याआधी भांडायला जागा असते. रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डांसाठी २०२२ मध्ये जे निर्देश काढले त्यांत स्पष्ट आहे, की ग्राहकाने फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत आकार लावायचा नाही. तेव्हा बिल आलं की त्यातले तुमचे खरे खर्च, गॅस, औषधं, जे असेल ते, मुदतीत भरून टाका. उरलेल्या रकमेवर हरकत आहे आणि ती बाजूला काढून किमान देय रक्कम नव्याने सांगा, असं लेखी कळवा. बँकेतून कुणी तरी गोड आवाजात फोन करील, ‘मॅडम, टेन्शन घेऊ नका, १२ महिन्यांच्या हप्त्यात करून देतो.’ नको म्हणा. हप्ते मागितलेत म्हणजे व्यवहार तुमचा आहे हे तुम्हीच मान्य केलंत, असा अर्थ पुढे काढता येतो. निकालानंतर भरावेच लागले तर तेव्हा हप्त्यांचं बघू.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. फी नाही, वकील नको, तक्रार ऑनलाइन करता येते. त्यासाठी आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. सोमवारच्या तोंडी फेरीचा इथेही काही उपयोग झाला नसता.

पोलिसांबद्दल थोडक्यात. १९३० हा नंबर पाटीवर, पाकिटात, फ्रीजच्या दारावर, कुठेही लिहून ठेवा. २०२१ पासून ही व्यवस्था आहे, तेव्हा नंबर १५५२६० होता, जुन्या पत्रकांवर अजून तोच दिसतो. १९३० वर व्यवहाराचे तपशील दिले की ते लगेच संबंधित बँकांना आणि वॉलेट कंपन्यांना जातात आणि पैसे पुढे सरकले नसतील तिथे अडवता येतात. चोर क्रेडिट कार्डाचे पैसे बहुधा गिफ्ट व्हाउचरमध्ये किंवा वॉलेटमध्ये फिरवतात, कारण ते तिथून चटकन सटकतात. म्हणून पहिला तास महत्त्वाचा. तुमची वेळ टळली होती, तरी नोंद केली, पावती क्रमांक आला, तो जपून ठेवा. बँक, लोकपाल, सगळे तोच मागतील. हीच तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते. पोलीस ठाण्यातल्यांनी परत पाठवलं ते चूकच. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची, असं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी आणि ६६ डी खाली वेगळा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. अर्जात या दोन कलमांचा उल्लेख करा. कायदा शिकवायला नव्हे, अर्ज वाचणाऱ्याला हा माणूस पुन्हा येणार हे कळावं म्हणून.

आणि सावध राहा, पुढच्या काही आठवड्यांत तुम्हाला आणखी एक फोन येऊ शकतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला पाच हजार भरा.’ एकदा फसलेल्यांची यादी चोर आपापसात विकतात. पोलीस पैसे परत द्यायला पैसे मागत नाहीत.

आता आधार आणि पॅन. मला कार्डापेक्षा याची काळजी जास्त वाटते, कारण कार्डाचा नंबर बदलता येतो, आपलं नाव, जन्मतारीख आणि अंगठा बदलता येत नाही. त्याला तुमचं नाव, शेवटचे चार आकडे आणि बिलाची तारीख कशी माहीत, असं तुम्ही विचारलंत. एक किस्सा सांगतो. नोकरीत असताना एकदा स्टँडवर शेंगदाणे घेतले. पुडी संपल्यावर कागद उलगडला तर आत कुणाचा तरी कर्जाचा अर्ज. फोटो, सही, पगार, घरचा पत्ता, पॅनची झेरॉक्स, त्यावर शेंगदाण्याचं मीठ. कुठल्या बँकेचा ते सांगत नाही, माझ्या बँकेचा नव्हता एवढंच समाधान. आता पुडीच्या जागी कॉम्प्युटर आले आहेत. आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात ‘व्हॉट्सअप करा, प्रिंट देतो’ असं असतं. मागच्या महिन्यात माझी प्रिंट शोधायला त्याने डाउनलोडचा फोल्डर उघडला आणि अर्ध्या गावाची आधार कार्डं खाली सरकत गेली. माझ्या शेजारच्यांचं, त्यांच्या मुलीचं, एका नगरसेवकांचं. तो मुलगा सरळ आहे. पण तो कॉम्प्युटर रात्री कोण वापरतं हे त्यालाही माहीत नाही.

२०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने लोकांना सांगितलं होतं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं, गैरसमज होईल म्हणून. मला विचाराल तर सल्ला बरोबरच होता. मास्क्ड आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. लॉजवाला, भाड्याचं घर, सोसायटीचा वॉचमन, यांना तेवढं पुरे. जिथे पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागते तिथे त्यावर आडवं लिहा, ‘फक्त अमुक कामासाठी’, खाली तारीख आणि सही. लिहिताना पेन फोटोवरून आणि नंबराजवळून जाऊ द्या. कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं.

तुमचे फोटो तर गेलेच आहेत. तेव्हा आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, मोबाइलवरच्या आधार अ‍ॅपमधून होतं, जमलं नाही तर १९४७ वर विचारा. मग तुमच्या अंगठ्यावर कुणालाही पैसे काढता येत नाहीत. मात्र लक्षात ठेवा, रेशन दुकानात अंगठा लावताना आणि नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला देताना तुमचाही अंगठा चालणार नाही. त्या वेळी तात्पुरतं उघडायचं. दरवर्षी नोव्हेंबरात दहा जण बँकेत येऊन भांडतात, ‘मी जिवंत आहे तरी मशीन ऐकत नाही’ म्हणून, त्यातल्या काहींचं कारण हेच असतं. शिवाय संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावाने किती सिम चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच ‘माझा नाही’ कळवा.

कर्जाचं कसं कळणार? कुणी कुठे किती कर्ज घेतलं, कसं फेडलं, याची नोंद ठेवणाऱ्या पत माहिती कंपन्या देशात चार आहेत. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. लोक चारही एकाच दिवशी काढतात आणि वर्षभर निवांत बसतात. तुम्ही तसं करू नका. एक आत्ता काढा, बाकीचे तीन-तीन महिन्यांनी. वर्षभर चौकीदार मिळाला, पैसा न खर्चता. आणि अहवालात लोक आधी गुण बघतात, ते राहू द्या. ‘एन्क्वायरी’ हा भाग बघा. तुमच्या नावाने कुणी कुठे कर्ज मागितलं ते आधी तिथे उमटतं, कर्ज मिळालं नसलं तरी. अनोळखी कंपनीचं नाव दिसलं की त्या कंपनीला आणि पत कंपनीला, दोघांनाही लिहा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. कार्ड कायमचं बंद करू नका. नवीन नंबरचं कार्ड येईल तेव्हा मर्यादा १,२०,००० वरून ३०,००० वर आणून घ्या, तुमचा खर्च तेवढाच आहे. मर्यादा वाढवून देणं हा बँकेने केलेला सन्मान आहे असं आपल्याकडे उगाच समजतात. मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाची बटणं शोधा. ऑनलाइन, परदेशी आणि नुसतं टेकवून होणारे व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करण्याची सोय जानेवारी २०२० च्या परिपत्रकानंतर सगळ्या बँकांना द्यावी लागली. परदेशी बंद. टेकवणं बंद, कारण पाच हजारांपर्यंत त्याला पिन लागत नाही. ऑनलाइनही बंद, खरेदीच्या वेळी दोन मिनिटं चालू करायचं. आणि मेसेज वाचताना नुसते सहा आकडे वाचू नका, हे मी तुम्हाला शिक्षिका म्हणून सांगतो. मुलांना धडा पूर्ण वाचायला लावायचात ना? त्याच मेसेजमध्ये रक्कम आणि दुकानाचं नावही छापलेलं असतं.

बँकेचा म्हणून फोन आला की ठेवून द्यायचा आणि कार्डाच्या मागे छापलेला नंबर आपण लावायचा. इंटरनेटवर शोधलेला नाही, तिथे चोरांनीही आपले नंबर पेरून ठेवलेत. बँकांनी ग्राहकांना व्यवहाराचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करायचे आणि संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ ने संपवायचा असं ठरलेलं आहे. ओळखायला त्याचा उपयोग होतो, तरी ठेवून देण्याइतकी सोपी युक्ती दुसरी नाही. उद्धट वाटेल म्हणून आपण ठेवत नाही. वाटू दे.

राहता राहिले चिरंजीव. पुढच्या रविवारी ते आले की जेवायला वाढताना सहज विचारा, ‘तुझ्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत की बंद रे?’ त्यांना फोन काढून बघावं लागलं, तर बटणं कुठे असतात ते दाखवून द्या. तोपर्यंत तुम्हाला येत असतील. आणि सूनबाईंना शेजारी बसवा.

तुमचा,
भाऊ